राखीव जागेसाठी जात पडताळणी : कोल्हापुरातल्या सेवेचं परीक्षण

महापालिका, जिल्हा परिषद किंवा ग्रामपंचायतीची राखीव जागा लढवायची तर जातीचा दाखला पुरत नाही. तो दाखला खरा असल्याचं पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र, निदान त्यासाठी अर्ज केल्याची पोच आणि निवडून आल्यावर मुदतीत प्रमाणपत्र सादर करण्याचं हमीपत्र लागतं. आमदारकी-खासदारकीला मात्र उमेदवारी भरताना नुसत्या दाखल्यावर भागतं. म्हणजे सगळ्यांत बारीक चाळणी गल्लीतल्या सदस्याला! कोल्हापुरात पडताळणीचं हे काम विचारे माळावरच्या सामाजिक न्याय भवनातली जिल्हा समिती करते. अनुसूचित जमातींची समिती वेगळी.

अर्ज ऑनलाइन भरण्याची सोय बरी आहे. अडतं ते पुराव्यापाशी. जात पडताळणीच्या 2001 च्या कायद्याच्या कलम 8 नुसार जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराचीच. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 या तारखेआधीचं वास्तव्य आणि जातीची नोंद दाखवावी लागते. वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला नुसता जोडू नका, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा काढा. दुय्यम प्रतीवर शंका आली की समितीचं चौकशी करणारं दक्षता पथक मूळ रजिस्टरच बघतं, आणि वेगळ्या शाईतली जात तिथे लगेच डोळ्यांत भरते. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर तहसील कार्यालयात गाव नमुना 14, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, शोधायचा. जुन्या नोंदी मोडीत असतात. त्यांचं लिप्यंतर जाणकाराकडून करून मूळ नोंदीच्या साक्षांकित प्रतीसोबत जोडावं. वडिलांकडच्या रक्तनात्यात कुणाकडे वैधता असेल तर काम निम्म्याने हलकं होतं, मात्र वंशावळीच्या शपथपत्रातली नावं त्यांच्या कागदांशी जुळली पाहिजेत. एकीकडे ‘बाळू’ आणि दुसरीकडे ‘बाळासाहेब’ असेल तर त्रुटी निघालीच म्हणून समजा.

सर्वांत जास्त गफलत महिला उमेदवारांच्या बाबतीत होते. जात लग्नाने बदलत नाही, त्यामुळे सासरचे कागद कितीही भक्कम असले तरी उपयोग शून्य, माहेरचेच हवेत. आणि माहेर निपाणी किंवा बेळगावचं असेल तर? दुसऱ्या राज्यातून आलेल्याला इथल्या आरक्षणाचा लाभ मिळत नाही, मग दोन्हीकडे जात एकच असो. सीमाभागाशी सोयरिकी असलेल्या कोल्हापुरात पक्षांनी उमेदवार ठरवण्याआधी हे तपासायला हवं. बहुतेक वेळा ते तपासतात तिकीट दिल्यावर.

सेवेची खरी खोट वेळेत आहे. आरक्षण सोडत निघाली की अर्जांचा लोंढा येतो. समिती तीन जणांची. दक्षता पथकाचे अहवाल, सुनावणी, त्रुटीपूर्तता हे सगळं त्याच माणसांनी बघायचं. निवडून आलेल्याने वैधता प्रमाणपत्र सादर करण्याची मुदत पाळणं बंधनकारकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2018 मध्ये स्पष्ट केलं तेव्हा कोल्हापूर महापालिकेतल्या नगरसेवकांची पदंच धोक्यात आली होती. पुढे शासनाने मुदत वाढवली, पण तशी सूट दर वेळी मिळेल असं धरून चालू नये. कडक तपासणीबद्दल आमची तक्रार नाही. बनावट दाखल्यावर बसलेला सदस्य खऱ्या मागासवर्गीयाचीच जागा खातो. पण पालावर वाढलेल्या भटक्या कुटुंबाला आणि तीन पिढ्यांचे दाखले कपाटात असलेल्याला एकच घड्याळ लावणं अन्यायाचं आहे. म्हणून पाचपैकी तीनच तारे.

सोडतीची वाट न पाहता आधीच अर्ज करा. एकदा मिळालेलं प्रमाणपत्र पुढच्या निवडणुकांनाही चालतं. दावा फेटाळला गेला तर जिल्हाधिकारी किंवा मंत्रालयाकडे अपील नाही, थेट उच्च न्यायालय. ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं, त्यामुळे त्यासाठीचा मुंबईचा हेलपाटा आणि तिथला खर्च वाचला.