जाहिरातीची 'वेळ लावून देतो' म्हणत ८२,५०० रुपये नेले

मी विश्रामबागेत घरून हळद आणि मसाले विकते. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हटलं बाहेरगावची गिऱ्हाइकं गूगलवरून मिळतील. गूगलवर जाहिराती लावून देणारा हा माणूस ओळखीतूनच आला. "ताई, बायका स्वयंपाकघर आवरून आठ ते अकरा मोबाइल बघतात. तेवढ्याच वेळात जाहिरात लावू, पैसे वाया जाणार नाहीत." पटलं, कारण जाहिरातीला वार आणि तास लावता येतात हे खरंच आहे. थाप तिथे नव्हतीच.

सेटअपचे १८,०००, महिना ६,५०० प्रमाणे तीन महिन्यांचे १९,५००, जाहिरातीसाठी रोज ५०० म्हणजे ४५,०००. सगळं त्याच्या यूपीआयवर. जीएसटीचं बिल मागितलं तर "वर्षाअखेर एकदम देतो." बिल नाही तर पैसे नाहीत, एवढं तरी पाळा.

पण डाचतं ते दुसरंच. दुसऱ्या महिन्याच्या रिपोर्टात तासातासाच्या क्लिकच्या निळ्या काड्या होत्या. पहाटे तीनची काडी रात्री नऊएवढीच उंच. मी बोट ठेवून विचारलं, "अकराला बंद होते ना, मग तीनला क्लिक कुठून?" म्हणाला, "दुबईचे लोक असतील." अहो, बंद जाहिरात दुबईतही बंदच! हे मला तेव्हाच कळलं होतं. पण दिवाळीचं पॅकिंग चालू, घरात दोनच हात, मी गप्प बसले. माझ्या जागी कोणीही बसलं असतं.

भाच्याने दमात घेतल्यावर त्याने खात्याचा पाहण्यापुरता ॲक्सेस दिला. चेंज हिस्ट्रीत, म्हणजे खात्यात केलेल्या बदलांच्या नोंदीत, वेळेचा एकही बदल नाही. जाहिरात चोवीस तास लावलेली, प्रत्यक्ष खर्च ९,८७०. खातं स्वतःच्या ईमेलवर उघडा, कार्ड स्वतःचं लावा, ही हिस्ट्री दर आठवड्याला बघा.

पोलीस ठाण्यात चार हेलपाटे घातले. आधी "साहेब बंदोबस्ताला गेलेत", मग "धंद्यातला व्यवहार आहे, दिवाणी दावा लावा." सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर तक्रार क्रमांक मिळाला, पुढे काही नाही. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. एकाने तर विचारलं, "जाहिरात थोडी तरी दिसली ना?" ४५,००० मधले ३५,१३० त्याने खिशात घातले, ही चोरी यांना दिसतच नाही! ग्राहक आयोगाकडे जाऊ म्हटलं तर "धंद्याची सेवा चालत नाही" असं सगळे सांगत होते. पोटापाण्यासाठी स्वतः केलेल्या धंद्याला ती आडकाठी नाही, हे शेवटी वकिलाकडून कळलं.

परवा गणपती पेठेतल्या एका दुकानदाराला त्याचा फोन आला. तोच नंबर, तेच "आठ ते अकरा".