फ्रेंच क्युरासिए घ्यायचेत, पण कुठले? 1/72, 28 मिमी प्लास्टिक की मेटल

छोट्या सैनिकांच्या फिगर जोडून-रंगवून नेपोलियनचं घोडदळ करायचं म्हटलं की बहुतेकांचा डोळा आधी क्युरासिएवर, म्हणजे चिलखत घातलेल्या जड स्वारांवरच जातो. स्टीलचं चिलखत, पितळी तुऱ्याचं शिरस्त्राण, मागे उडणारे घोड्याचे केस, मोह होणारच. पण ऑर्डर टाकायच्या आधी साल ठरवा, कंपनी आणि स्केल नंतर बघू. 1809 चा क्युरासिए आणि 1815 चा क्युरासिए लांबून सारखे वाटतात, पण बॉक्स उघडल्यावर किती कापाकापी करावी लागणार ते सालावरच ठरतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. अचूकपणा हवा असेल आणि हाताने काहीतरी बदलायची हौस असेल तर 28 मिमीचं (फिगर साधारण तेवढी उंच) हार्ड प्लास्टिक घ्या. टेबलभर रेजिमेंटा हव्या असतील, खेळणं जास्त आणि निरखणं कमी, तर 1/72 (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढी फिगर). मेटल फक्त ऑफिसर आणि ट्रम्पेटर (रणशिंग वाजवणारा स्वार) यांच्यापुरतं. आता का ते.

सालाचा घोळ असा आहे. आस्पर्न-एसलिंग (21-22 मे 1809) आणि वाग्राम (5-6 जुलै 1809) इथे लढलेल्या क्युरासिएकडे कार्बाइन (आखूड बंदूक) नव्हती, तलवार आणि पिस्तुलावर काम, त्यामुळे छातीवर कार्बाइनचा आडवा पट्टाही नाही. 1812 मध्ये त्यांना कार्बाइन दिली आणि पट्टा आला. कोटाची मागची शेपटी पण 1812 च्या नव्या नियमांनी आखूड झाली. म्हणजे बोरोदिनो (1812) आणि वॉटर्लूसाठी (1815) जी फिगर बरोबर तीच वाग्रामला चूक. काराबिनिएंचं, म्हणजे याच जड घोडदळातल्या दुसऱ्या प्रकारच्या स्वारांचं, तर याहून मोठं आहे, ऑस्टरलिट्झला (1805) त्यांच्या डोक्यावर अस्वलाच्या कातडीची उंच टोपी, अंगात निळा कोट आणि चिलखत अजिबात नाही, आणि डिसेंबर 1809 च्या हुकुमानंतर पांढरा कोट, पितळेने मढवलेलं चिलखत आणि लाल तुऱ्याचं शिरस्त्राण. एकाच रेजिमेंटची दोन पूर्ण वेगळी रूपं, इथे रंग बदलून काही भागत नाही.

1/72 पासून सुरू करू. झ्वेझ्दा, इटालेरी, हॅट वगैरेंचं या स्केलमधलं घोडदळ स्वस्त पडतं, कपाटात जागा कमी खातं आणि चाळीस-पन्नास स्वारांचा हल्ला मांडला की जो परिणाम होतो तो 28 मिमीत तेवढ्या पैशात होत नाही, हे मान्यच करायला हवं. अडचण मटेरियलची. यातले बरेच सेट मऊ पॉलिथिनचे असतात आणि त्याला प्लास्टिक मॉडेलचा सिमेंट चिकटतच नाही, सुपरग्लू पण नीट प्राइम केल्याशिवाय सुटतो, चाकूने तासायला गेलं तर तासलं न जाता लव उठते. डोकं बदलायचं असेल तर मानेतून बारीक पिन घालूनच. रंगाचंही तसंच, आधी भांड्याच्या साबणाने धुवायचं, मग लवचिक राहील असा प्राइमर, नाहीतर तलवारीवरचा रंग पहिल्या खेळातच उडतो. कार्बाइनचा पट्टा काढणं वगैरे या आकारात करता येतं, पण हातभर अंतरावरून ते कोणाला दिसणार? म्हणून 1/72 घेणाऱ्याने बॉक्सवरचं साल बघून घ्यावं, आणि आहे तसं रंगवावं.

28 मिमी प्लास्टिकमध्ये मी पेरी कंपनीच्या फ्रेंच हेवी कॅव्हलरी बॉक्सबद्दल बोलतोय, 1812 ते 1815 चा. एकाच बॉक्समधून क्युरासिए किंवा काराबिनिए करता येतात आणि पॉलिस्टायरीन असल्यामुळे सिमेंट लावला की दोन तुकडे वितळून एकजीव होतात, हीच सगळी गंमत आहे. डोकी, हात वेगळे असल्यामुळे कोणी मागे वळून बघणारा, कोणी तलवार खांद्याला टेकवलेला, असं करत गेलं की रांग जिवंत दिसायला लागते. घोडे दोन अर्ध्यांत येतात, त्यामुळे छाती आणि आयाळीतली जोडरेघ पुटीने भरावी लागते, हे काम कंटाळवाणं आहे पण टाळू नका, रंग दिल्यावर ती रेघ जास्त ठसठशीत दिसते.

याच बॉक्समधून 1809 चा क्युरासिए कसा करायचा ते थोडं सविस्तर सांगतो, कारण निर्णय इथेच होतो. कार्बाइन वेगळी असेल तर लावायचीच नाही. चिलखतावर पट्टा मोल्ड केलेला असेल तर नवीन पातं घेऊन जवळजवळ आडवं धरायचं आणि पापुद्रे काढल्यासारखं थोडं थोडं तासायचं, एका दमात खोल गेलात तर छातीला खड्डा पडतो. मग 600 आणि 1000 नंबरचा पॉलिश पेपर, पाणी लावून, आणि शेवटी पातळ सिमेंटचा एकच हात ब्रशने, म्हणजे ओरखडे वितळून सपाट होतात. कडेचे रिव्हेट या भानगडीत जातातच, ते सुईच्या टोकावर फेव्हिकॉलचा थेंब घेऊन परत ठेवता येतात. कोटाची शेपटी ग्रीन स्टफने (मळून घट्ट होणारी पुटी) लांबवायची, ओलं बोट फिरवून. एवढं केलं की वाग्रामसाठी स्वार तयार. मऊ पॉलिथिनमध्ये यातलं अर्धंही जमत नाही आणि मेटलमध्ये जमतं पण हात दुखतो.

मेटलबद्दल थोडक्यात. वजन छान, बारकावे छान, तलवार वाकते पण तुटत नाही, प्लास्टिकची मात्र पिशवीत नेताना तुटते. पण पोझ ठरलेली, डोकं बदलायला करवत आणि पिन व्हाइस (हाताने फिरवायचं बारीक ड्रिल), आणि परदेशातून मागवलं तर वजनामुळे कुरिअर आणि वर कस्टम ड्युटी. दोन-चार खास फिगरसाठी ठीक आहे. ट्रम्पेटर हा त्यातला एक, कारण ट्रम्पेटर सहसा चिलखत घालत नसे, त्याचा घोडा बहुधा पांढरा-करडा, आणि 1812 च्या नियमांनी त्याला हिरवा शाही कोट आला. प्लास्टिकच्या चिलखतवाल्या धडातून तो काढण्यापेक्षा मेटलचा विकत घेतलेला बरा.

घोड्यांकडे लोक फार कमी बघतात आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण अर्धी फिगर घोडाच असते. जुन्या सेटमध्ये चारही पाय पुढे-मागे ताणलेला, हवेत तरंगणारा घोडा दिसतो, जुन्या चित्रांमधून आलेला. घोडा तसा पळत नाही हे फोटोग्राफर मायब्रिजच्या 1878 च्या फोटोंनी दाखवलं, चारही पाय जमिनीवरून सुटतात तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात. शिवाय फ्रेंच जड घोडदळ बरेचदा दुडक्या चालीनेच चाल करायचं, गुडघ्याला गुडघा लावून, आणि वॉटर्लूला तर ओल्या मातीत चढावर चढायचं होतं. म्हणून चौखूर उधळलेल्या घोड्यांपेक्षा चालते किंवा दुडके घोडे असलेला सेट निवडा, तो जास्त खरा आहे. रंग गडद ठेवा, काळे आणि तपकिरी.

रेजिमेंटच्या रंगांचं सोपं आहे. 1812 च्या सुमाराला 1 ते 3 नंबरच्या रेजिमेंटांचा लाल, 4 ते 6 केशरी छटा, 7 ते 9 पिवळा, 10 ते 12 गुलाबी, 13 आणि 14 वाइनसारखा गडद. खांद्यावरचे एपॉलेट सगळ्यांचे लालच. रंग दिसतो कॉलरवर आणि खोगिरावरच्या मेंढीच्या कातडीच्या किनारीला, तेव्हा तिथे हात सावकाश चालवा.

हेच फ्रेंच स्वार काळे रंगवून ऑस्ट्रियन म्हणून खपवायचा विचार असेल तर सोडून द्या. ऑस्ट्रियन क्युरासिए चिलखताचं फक्त पुढचं, छातीवरचं पान घालायचे, पाठ उघडी, कोट पांढरा, शिरस्त्राण निराळं, त्यामुळे धड आणि डोकं दोन्ही बदलावं लागतं. रशियनांना 1812 मध्ये पुढे-मागे दोन्ही पानांची काळी चिलखतं मिळाली, तिथे धड चालून जाईल पण डोकी दुसरीकडून आणायला लागतील. आणि ज्यांना आपल्या जालन्याजवळची असईची लढाई (23 सप्टेंबर 1803) मांडायची आहे त्यांनी हे बॉक्स बाजूला ठेवा. तिथे ब्रिटिश सेनापती वेलस्लीकडे 19 वी लाइट ड्रॅगून्स (हलकं घोडदळ) होती, चिलखतवाला एकही नव्हता, आणि समोरच्या मराठी स्वारांसाठी तर फिगर पूर्ण वेगळ्याच लागतील.