टँकचा दिवा विझतो, खोलीचा नाही: टायमर-डिमरचे आठ महिने

आठ महिन्यांपूर्वी माशांच्या टँकच्या एलईडीला टायमर आणि डिमर जोडला. सकाळी साडेनऊला दिवा अर्ध्या तासात हळूहळू वाढतो, संध्याकाळी सातला तसाच उतरतो. वीज गेली तरी आतल्या बॅटरीमुळे वेळ टिकते. वस्तूबद्दल तक्रार नाहीच. तरीही पहिले दोन महिने मासे रात्री स्वस्थ नव्हते, आणि त्याचं कारण उमगायला मला फार उशीर लागला.

टँक दिवाणखान्यात आहे. त्याचा दिवा सातला विझायचा, पण खोलीतली ट्यूब साडेबारापर्यंत जळायची. आपण डोळे मिटतो, या माशांना पापण्याच नाहीत. शिवाय मेंदूच्या वरच्या बाजूला असलेली त्यांची पिनिअल ग्रंथी कवटीतून येणारा उजेड थेट ओळखते, आणि अंधार पडला तरच पुरेसं मेलॅटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचं सांगणारं संप्रेरक, सोडते. म्हणजे माझ्या माशांची संध्याकाळ सातला होतच नव्हती. झेब्राफिशवरचा 2007 चा एक अभ्यास वाचला आणि मन अस्वस्थ झालं: सतत उजेडात ठेवल्यावर त्यांची झोप सुरुवातीला जवळजवळ नाहीशी झाली, आणि बुडालेली झोप त्यांनी नंतर भरूनही काढली नाही.

मोजमाप म्हणून मला टँकमधले निऑन टेट्रा मासे उपयोगी पडले. गाढ अंधारात त्यांचा निळा पट्टा फिका पडतो आणि ते झाडांजवळ जवळजवळ स्थिर राहतात. माझे निऑन रात्री अकरालाही झगझगीत आणि फिरते होते. पाणी पिण्यासाठी कोणी मध्यरात्री एकदम दिवा लावला, की सगळा थवा काचेवर आदळायचा. एकाचे खवले निघाले, तेव्हा मी ठरवलं की आता खोलीच बदलायची.

समोरच्या आणि बाजूच्या काचांवर जाड गडद कापड सोडलं. वरचं झाकण मात्र उघडंच, हवा अडू द्यायची नाही. आठनंतर छताचा दिवा बंद, कोपऱ्यात जमिनीलगत एक मंद पिवळा दिवा. तिसऱ्या आठवड्यात रात्री दहाला कापड बोटभर बाजूला केलं, तर निऑन फिके, एका जागी. त्या रात्री मला खरंच फार समाधान वाटलं.

दिव्यातली निळी 'चांदण्या'ची सोय मी बंद केली. दिसायला सुंदर आहे, पण मेलॅटोनिन दाबायला निळा प्रकाशच जास्त परिणामकारक, आणि पौर्णिमेचं खरं चांदणं पाव लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास असतं. त्या निळ्या दिव्यात मला पुस्तकातली अक्षरं वाचता यायची. ज्यांना रात्री मासे पाहायचेच असतील, त्यांनी दहा मिनिटं पाहून तो विझवावा, रात्रभर ठेवू नये.

कोरी (तळाशी राहणारे कोरिडोरस मासे) मात्र अंधारात जागे होतात. त्यांच्या बुडणाऱ्या गोळ्या आता कापड सोडल्यावर टाकते, आणि पूर्वी अर्ध्या वाटेत निऑन ज्या पळवत ते बंद झालं. शेवाळावर फारसा फरक पडलेला नाही. ते टँकच्या दिव्याच्या तासांवर जास्त अवलंबून असावं, आणि ते मी साडेनऊच ठेवले आहेत.

एक उणीव अजून आहे: पहाटे स्वयंपाकघराचा दिवा लागला की डाव्या काचेच्या कडेतून पट्टा आत येतो. तिथे कापड चार बोटं वाढवायचं आहे.