पाताल लोक: पहिला सीझन लावावा की थेट दुसरा?

‘पाताल लोक’ ही हिंदी क्राइम सिरीज अजून बघितलेली नाही, किंवा पहिला सीझन तेव्हा बघून आता अर्धाअधिक विसरलाय आणि दुसरा लावावा की नाही असं ज्यांच्या मनात चाललंय, त्यांच्यासाठी लिहितोय. किती भाग आहेत, कुठे बघायला मिळतं, हे सगळ्यांना माहीत आहे, ते उगाळत बसत नाही. मी समीक्षक नाही. ऑफिसातून घरी येऊन जेवणाचं ताट समोर घेऊन बघणारा माणूस आहे, त्यामुळे माझं मत तेवढ्याच वजनाचं धरा.

क्राइम सिरीजचा दुसरा सीझन म्हटला की आपण आधीच थोडे सावध होतो, आणि उगाच होत नाही. ‘सेक्रेड गेम्स’ २०१८ मध्ये आली तेव्हा पानठेल्यावर उभी असलेली पोरंसुद्धा त्यातल्या गुंडाच्या, गायतोंडेच्या आवाजात बोलायची. पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला दुसरा सीझन आला, बाबालोक आले, अणुबॉम्ब आला, आणि थोड्याच दिवसांत आमच्या ओळखीत कोणी तिचं नाव काढेना. ‘दिल्ली क्राइम’च्या पहिल्या सीझनला इंटरनॅशनल एमी मिळालं. २०२२ चा दुसरा पाच भागांचा, नेटका, पण पहिल्याची धग त्यात मला जाणवली नाही. त्या दुसऱ्या सीझनमध्ये लक्षात राहिली ती तिलोत्तमा शोम, गुन्हेगाराच्या भूमिकेत. ‘पाताल लोक’च्या दुसऱ्या सीझनमध्ये हीच बाई नागालँडच्या पोलीस अधिकारी मेघना बरुआ झाली आहे, आणि दोन्हीकडे बघून ती एकच नटी आहे हे स्वतःला बजावून सांगावं लागतं.

आता मुद्द्याचं. दोन सीझनमध्ये साडेचार वर्षांहून जास्त अंतर आहे. पहिला १५ मे २०२० ला आला, दुसरा १७ जानेवारी २०२५ ला. नागपूरच्या माणसाला या दोन तारखांचा अर्थ वेगळा सांगायला नको. पहिला आला तेव्हा लॉकडाऊन, मोमिनपुरा-सतरंजीपुऱ्याच्या बातम्या, वरून मे महिन्याचं ऊन. खोलीत कूलर असा घरघरत होता की सिरीजचा नायक जयदीप अहलावतचं ते ओठांतल्या ओठांतलं हरियाणवी पार बुडून जायचं. आवाज वाढवावा तर नेमकी त्याच वेळी शिवी येणार, आणि आतल्या खोलीत आई जागी. सगळा सीझन मी आवाजाच्या बटणावर अंगठा ठेवून बघितला. दुसरा आला तो संक्रांतीच्या आठवड्यात. कूलर गच्चीवर ताडपत्रीखाली, घर शांत, पायावर ब्लँकेट, वाटीत तिळाची वडी. ऐकण्या-बघण्याची सगळी सोय दुसऱ्या सीझनच्या वाट्याला आली होती, हे पुढचं वाचताना लक्षात असू द्या.

अहलावतने केलेला दिल्लीचा पोलीस इन्स्पेक्टर हाथीराम चौधरी कुठे जास्त चांगला आहे? इथे मी बिनदिक्कत दुसऱ्या सीझनला मत देतो. पहिल्यात तो चिडलेला आहे. बायकोसमोर, मुलासमोर, वरिष्ठांसमोर काहीतरी सिद्ध करायला निघालेला आहे. दुसऱ्यात तो चिडचिड संपून उरलेला माणूस आहे. डिसेंबरात विधानसभेचं अधिवेशन भरलं की आपल्याकडे बाहेरगावचे पोलीस बंदोबस्ताला येतात. सिव्हिल लाइन्सच्या रस्त्याकडेला एखादा पन्नाशीचा हवालदार प्लास्टिकच्या खुर्चीत बसून डबा खात असतो. गाड्या जात असतात, तो वर बघतही नाही, पण मंत्र्याची गाडी वळणावर यायच्या आधीच डबा बंद करून उभा झालेला असतो. दुसऱ्या सीझनमधला हाथीराम मला थेट त्या खुर्चीतून उठून आल्यासारखा वाटतो. अहलावत पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून गेलेला नट आहे, पण हे शिकवून येत नसावं.

अन्सारीचं प्रकरणही दुसऱ्यात जास्त मुरलेलं आहे. पहिल्यात तो हाथीरामच्या हाताखालचा पोरगा, ड्यूटी करता करता यूपीएससीची तयारी करणारा. दुसऱ्यात तो परीक्षा पास होऊन साहेब झालाय आणि हाथीराम आहे तिथेच, दिल्लीतल्या त्याच जमनापारच्या ठाण्यात. आपल्याकडे गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत, प्रत्येकाच्या ओळखीत एमपीएससीवाला एक तरी पोरगा असतो, आणि त्यातला एखादा लागलाच तर कालपर्यंत त्याला ‘काय बे’ म्हणणाऱ्यांची जी पंचाईत होते, ती या दोघांमध्ये फार नाजूकपणे दाखवली आहे. ‘सर’ हा शब्द हाथीरामच्या तोंडी येतो तेव्हा त्यात अभिमान किती आणि बोच किती, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. या जोडीसाठी तरी दुसरा सीझन बघाच.

दिसायलाही दुसराच उजवा. पहिला अविनाश अरुण आणि प्रोसित रॉय या दोघांनी मिळून दिग्दर्शित केला होता, दुसरा एकट्या अविनाश अरुणने. हा मूळचा कॅमेऱ्याचा माणूस, आणि त्याचा ‘किल्ला’ हा मराठी सिनेमा ज्यांनी बघितलाय त्यांना पाऊस आणि धुकं याच्या हातात दिल्यावर काय होतं ते सांगायला नको. नागालँडचे डोंगर, ओले रस्ते, चर्चमधला अंधुक उजेड हे सगळं पोस्टकार्डासारखं न होता अंगावर येतं. आमच्या शेजारचे काका लष्करातून निवृत्त होऊन कामठीला स्थायिक झालेले, नोकरीत असताना कोहिमा-दिमापूरकडे राहून आलेले. त्यांना दोन-तीन भाग दाखवले. रस्ते खरे आहेत म्हणाले. मग बराच वेळ गप्प बसून म्हणाले, “आम्ही कॅम्पाबाहेर पडलो की लोक असेच बघायचे. राग नाही, लोभ नाही. फक्त बघायचे.” सिरीजबद्दल याहून चांगलं मी काही लिहू शकणार नाही. तिथली माणसं तिथल्या भाषेत, नागामीजमध्ये बोलतात, हिंदीत ओढूनताणून आणलेली नाहीत, हेही योग्यच केलं. प्रसिद्ध असमिया दिग्दर्शक जानू बरुआ यात अंकल केनच्या भूमिकेत आहेत, आणि ते नुसते बसले तरी खोलीतला माणूस बदलल्यासारखं वाटतं.

एवढं सगळं दुसऱ्याच्या पारड्यात टाकल्यावर तुम्हाला वाटेल, झालं, निकाल लागला.

पण दुसरा सीझन बघताना आमच्या घरात एक प्रश्न सारखा येत राहिला: “हा कोण?” बायको विचारायची, मेहुणा विचारायचा, थोड्या वेळाने मीच मनातल्या मनात विचारायला लागलो. दिल्लीत खून झालेला नागा नेता जॉनथन थॉम. त्याचा मुलगा रूबेन. अंकल केन. उद्योगपती रेड्डी. रोझ. बंदूकवाला डॅनियल. दिल्लीत बेपत्ता झालेला बँडवाला रघू पासवान, ज्याच्या शोधातून हाथीराम या सगळ्यात ओढला जातो. कोण कोणाचा, कोणाचे पैसे कुठून कुठे, कोणी कोणाला आधी ओळखत होतं. दर भागात एखादं नातं उघड होतं, आणि तोवर ज्याचं नातं उघड झालं तो मुळात कोण हे विसरलेलं असतं. रिमोट पुन्हा हातात आला, या वेळी थांबवण्याच्या बटणासाठी. एकदा तर मेहुणा म्हणाला, “बाप्पा, हे पात्रांची यादी देऊन का नाही सुरू करत?” त्यात संवाद खाली वाचायचे, म्हणजे पोळीचा तुकडा मोडायला मान खाली घातली की एक धागा गेलाच.

तुम्ही म्हणाल, हा बघणाऱ्याचा आळस आहे. असेलही. पण मग पहिल्या सीझनमध्ये असं का झालं नाही? तिथे तर कूलर होता, शिव्या होत्या, आई जागी होती, आणि तरीही “हा कोण?” असं कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. एका पत्रकाराच्या खुनाच्या कटात पुलावर पकडलेले चार आरोपी, चौघेही अनोळखी, चारही नावं पहिल्याच भागात कानावर आदळलेली. तरी एकही हरवला नाही.

कारण पहिला सीझन दर थोड्या वेळाने तपास थांबवतो आणि एकेका आरोपीच्या गावात जाऊन बसतो. तोपे सिंग पंजाबातला, जातीचा जाच सोसून उलटलेला. चिनी, लहानपणीच वाऱ्यावर सोडलेलं पोर. कबीर एम, ज्याच्या बापाने मुलगा सुखरूप राहावा म्हणून त्याचं मुसलमान असणंच पुसून टाकलं, आणि तपास यंत्रणेने नेमकं तेच उकरून त्याला दहशतवादी ठरवलं. हाथीराम त्या म्हाताऱ्या बापासमोर बसतो तो प्रसंग मी पुन्हा पुन्हा बघितलाय. म्हातारा आवाज चढवत नाही. हाथीरामकडे त्याला द्यायला उत्तर नाही. तिथून पुढे कबीर नुसतं नाव राहत नाही, मग तो दोन भाग दिसला नाही तरी विसरत नाही.

आणि चौथा आरोपी, हातोडा त्यागी. अभिषेक बॅनर्जीला अख्ख्या सीझनमध्ये मोजकी वाक्यं आहेत. दुसऱ्या सीझनमधला डॅनियलही असाच अबोल, आणि प्रशांत तमांगने तो चांगला उभा केलाय. गाण्याच्या स्पर्धेतून आलेल्या माणसाकडून एवढी अपेक्षा नव्हती. पण त्यागीचं मौन कुठून आलं हे आपल्याला माहीत असतं. त्याचं चित्रकूट, त्याच्या बहिणी, त्याचा गुरू, सगळं दाखवून झालेलं असतं. डॅनियलचं मौन मला शेवटपर्यंत बाहेरून दिसलं. तो पडद्यावर आला की आता गोळी सुटणार एवढं कळायचं. त्यागी आला की पोटात कालवायचं, त्याने काही केलं नाही तरी.

लेखकांची फळी दोन्ही सीझनमध्ये बरीच वेगळी आहे, सिरीजचा कर्ता सुदीप शर्मा मात्र दोन्हीकडे आहे, त्यामुळे हा फरक नकळत झाला असेल असं मला वाटत नाही. दुसऱ्यात त्यांना माणसं उलगडण्यापेक्षा एका राज्याचं राजकारण, पैसा आणि शांतता करार यांचा गुंता दाखवायचा होता. तो त्यांनी दाखवला, आणि प्रामाणिकपणे दाखवला. मला आपला गुंत्यापेक्षा माणूस बरा वाटतो, एवढंच.

पहिल्यात दोष नाहीत असं नाही. ज्याच्या खुनाचा कट होता त्या वृत्तवाहिनीवाल्या संजीव मेहराचा भाग अधूनमधून रेंगाळतो, आणि त्याच्या ऑफिसातली भांडणं आली की मी पाणी प्यायला उठायचो. मात्र त्याच्या घरात एक भटकी कुत्री येते, ती पडद्यावर असताना उठू नका, एवढंच सांगतो. शिवाय पहिला सीझन क्रूर आहे. दुसऱ्यातही मुंडकं उडवलेलं प्रेत आहे, पण पहिल्यातली तोपे सिंगच्या गावची घटना आणि हातोड्याचे घाव यांच्यासमोर ते काहीच नाही. एकच टीव्ही, तोही हॉलमध्ये, आणि घरात म्हातारी माणसं किंवा शाळकरी मुलं असतील, तर पहिला सीझन तिथे लावता येणार नाही. दुसरा त्या मानाने सोपा जातो, निदान उठून पळायची वेळ कमी येते.

तर मग तुम्ही काय लावावं? घरच्यांसोबत बसायचं असेल आणि हातात दोन सलग संध्याकाळी असतील, तर दुसरा. थेट दुसऱ्यापासून सुरुवात केली तरी केस कळायला अडचण नाही, ती नवीनच आहे. फक्त हाथीराम आणि अन्सारी एकमेकांकडे तसं का बघतात ते अर्धंच पोचेल, आणि त्या सीझनमधली सगळ्यात मोठी गोष्ट त्या दोघांमध्ये आहे. सलग बघा. आठवड्याला एक भाग असं करू नका, नावं हातातून निसटतील. आणि जेवण आधी उरकून घ्या.

एकटे बघणार असाल, कानाला हेडफोन लावून, तर मी पहिलाच लावायला सांगेन. कोणी विचारलं तर दोन्ही तोडीस तोड आहेत असंच म्हणतो, वाद नको म्हणून. पण शनिवारी रात्री झोप येत नाही आणि काहीतरी परत बघावंसं वाटतं, तेव्हा माझा हात पहिल्या सीझनवरच जातो. दुसऱ्याचे शेवटचे दोन भाग पुन्हा बघायचे म्हणून ठेवलेत, कोण कोणाचा कोण ते एकदा नीट लावून घ्यायला. मेहुणा म्हणतो, कागद-पेन घेऊन बस.