‘आम्हाला यातलं काय कळतं, सर?’ : जालन्याच्या एका गोदामातली फसवणूक

गेल्या डिसेंबरात जालन्याच्या जुन्या मोंढ्यालगतच्या एका गोदामातून मी पाच जुने संगणक २०,००० रुपयांना विकत घेतले आणि घरी येऊन उघडल्यावर त्यांतला एकही पूर्ण निघाला नाही. पुढच्या तीन आठवड्यांत त्याच लोकांनी माझ्याकडून आणखी ६,५०० रुपये काढून घेतले. जुने संगणक शोधत भंगाराच्या दुकानांतून आणि बंद पडलेल्या गोदामांतून फिरणारी माणसे मराठवाड्यात आता बरीच झाली आहेत, आणि ही फसवणूक नेमकी त्यांच्यासाठीच रचलेली आहे, म्हणून घडले ते क्रमाने लिहीत आहे.

मी परभणीचा. तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालो. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ नावाचा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला आणि त्यासाठी ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो हा संगणक निवडला. देशभरातल्या माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळांना असे सुमारे १२,००० संगणक वाटले गेले. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने याच यंत्राची ‘युनिकॉर्न’ नावाची भारतीय आवृत्तीही काढली होती. ३२ किलोबाइट स्मृती, २ मेगाहर्ट्झचा ६५०२ प्रोसेसर आणि कळफलकाच्या वरच्या ओळीत दहा लाल कळा असलेल्या या यंत्रावर आपल्याकडच्या कितीतरी मुलांनी आयुष्यातली पहिली आज्ञा टाइप केली. ही यंत्रे आज शाळांच्या अडगळीत सडत आहेत किंवा किलोच्या भावाने जात आहेत. त्यांतले एक तरी चालते यंत्र परभणीच्या मुलांना हात लावून पाहता यावे, अशी माझी फार दिवसांची इच्छा होती, आणि ती मी कोणापासून लपवून ठेवली नव्हती. परभणी, सेलू, जालना आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या दहा-बारा भंगारवाल्यांकडे मी यंत्राचे छायाचित्र आणि माझा फोन क्रमांक देऊन ठेवला होता. मला नेमके काय हवे आहे आणि ते किती हवे आहे, हे त्या सगळ्यांना माहीत झाले होते.

नोव्हेंबरच्या शेवटी फोन आला. जालना हे लोखंडाचे गाव आहे. तिथल्या भट्ट्यांत जुने लोखंड वितळून सळया होतात, त्यामुळे दूरदूरचे भंगार तिथे येऊन पडते. अशाच एका लिलावाच्या मालात ‘तुमच्या फोटोतल्यासारखे’ पाच नग आले आहेत, असे त्या व्यापाऱ्याने सांगितले. मी दुसऱ्याच दिवशी सकाळच्या पॅसेंजरने निघालो.

पत्र्याच्या त्या गोदामात सरकीची पोती, पंख्यांचे सांगाडे आणि मोडकी कपाटे यांच्यामध्ये एका टेबलावर एक बीबीसी मायक्रो मांडून ठेवला होता. त्याच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने शाळेच्या जडसंग्रह (डेड स्टॉक) नोंदवहीचा क्रमांक घातलेला होता. कॉपी या कळेला आडवी चीर होती. व्यापाऱ्याच्या मुलाने तो एका जुन्या टीव्हीला जोडला आणि बटण दाबले. आधी खालच्या पट्टीतला लांब आवाज, मग लहानसा उंच ‘बीप’, आणि पडद्यावर ‘बीबीसी कॉम्प्युटर ३२के’ ही ओळ. मी दोन ओळींचा प्रोग्रॅम लिहून चालवून पाहिला. तो आवाज मी जवळजवळ तीस वर्षांनी ऐकत होतो, आणि त्या दहा मिनिटांत माझे डोके किती चालत होते याबद्दल मला आज शंका आहे.

भाव विचारला तेव्हा व्यापारी म्हणाला, “आम्हाला यातलं काय कळतं, सर? आमच्यासाठी ह्ये प्लास्टिकच हाये. तुम्हाला जे वाजवी वाटंल ते द्या.” सुटे मात्र देणार नाही, पाचही नग एकदम घ्यावे लागतील, असेही तो म्हणाला. शेवटी नगामागे ४,००० रुपये ठरले. उरलेले चार नग पोत्यांत बांधून ठेवलेले होते. मी पोती सोडून वरून पाहिली. कळफलक शाबूत होते, प्रत्येक पाठीवर जडसंग्रह क्रमांक होता, उचलून पाहिले तर वजनही बरोबर वाटले. आतून पाहू का, असे मी विचारले. “स्क्रू गंजलेत सर, जोर लावला की प्लास्टिक फुटंल, आणि मग तुम्हीच म्हणाल फुटका माल दिला,” असे उत्तर मिळाले. मी गप्प बसलो.

मी इथे गप्प बसायला नको होते. बीबीसी मायक्रोची पेटी फक्त चार स्क्रूंवर बसते, दोन मागे आणि दोन खाली पुढच्या बाजूला, आणि त्यांच्या शेजारी ‘फिक्स’ असा शब्दच छापलेला असतो. चार स्क्रू काढले की झाकण उचलले जाते. माझ्या पिशवीत पेचकस होता. पाच यंत्रे उघडायला अर्धा तास पुरला असता.

३,००० रुपये मी फोनवरून आगाऊ दिलेलेच होते. उरलेले १७,००० रोख दिले. पावती मागितल्यावर ‘भंगाराची कसली पावती’ असे उत्तर आले आणि तेही मी मानले. माल नीट बांधून देतो, तोवर चहा घेऊन या, असा आग्रह झाला आणि मुलगा मला कोपऱ्यावरच्या हॉटेलात घेऊन गेला. परत आलो तेव्हा पाचही पोती शिवून रिक्षात चढवलेली होती.

घरी पोहोचायला रात्र झाली. दुकान बंद करून माझा एक जुना विद्यार्थी मदतीला आला आणि आम्ही पोती उसवली. पहिल्याच यंत्राची कॉपी कळ अखंड होती. दुसऱ्याची, तिसऱ्याची, सगळ्यांचीच अखंड होती. चिरलेल्या कळेचे यंत्र, म्हणजे जे मी चालवून पाहिले होते ते, या पाचांत नव्हतेच. झाकणे उघडली. दोन पेट्यांत वीजपुरवठ्याचा डबा आणि त्याच्या बाजूला वर्तमानपत्रात गुंडाळून घट्ट बसवलेले फरशीचे तुकडे होते. हलवल्यावर काहीही वाजू नये इतके नीट बसवलेले. उरलेल्या तीन पेट्यांत मूळ बोर्ड होते, पण ६५०२ प्रोसेसरची, पडद्यावरचे चित्र तयार करणाऱ्या व्हिडिओ यूएलएची, कायमचे प्रोग्रॅम साठवणाऱ्या रॉमची आणि बहुतेक सगळ्या महत्त्वाच्या चिपची खाचणी, म्हणजे सॉकेटे, रिकामी होती. या यंत्रातल्या बऱ्याच चिप सोल्डर न करता सॉकेटमध्ये बसवलेल्या असतात, त्यामुळे त्या काढून घ्यायला दोन मिनिटे लागतात. त्यांतली व्हिडिओ यूएलए ही चिप तर याच यंत्रासाठी खास बनवलेली होती. ती आता कोणी बनवत नाही. तिच्यावाचून पडद्यावर काही उमटत नाही. उजेडात पाहिल्यावर चार पाठींवरचे जडसंग्रह क्रमांक एकाच हाताने, एकाच ताज्या रंगाने घातलेले दिसले.

त्या रात्री मला सर्वात जास्त टोचले ते टेबलावरचे चालते यंत्र. जे यंत्र वर्षानुवर्षे पत्र्याच्या गोदामात पडून आहे, ते २३० व्होल्टला जोडल्यावर असे सुरळीत सुरू होणे फार अवघड असते. त्याच्या वीजपुरवठ्यात विजेतला गोंगाट गाळणारे जे कपॅसिटर असतात त्यांचे पारदर्शक कवच वर्षांनी तडकते, आत ओल शिरते, आणि बटण दाबल्यावर थोड्याच वेळात धूर आणि घाण वास सुटतो. ही गोष्ट मी स्वतः वर्गात शिकवली आहे. ते यंत्र धूर न काढता चालले याचा अर्थ कोणीतरी ते आधी उघडले होते, कपॅसिटर बदलले होते आणि तपासून ठेवले होते. ज्या गोदामात हे काम होते, त्या गोदामाच्या मालकाला ‘यातलं काही कळत नाही’ हे शक्यच नव्हते. त्याचे अडाणीपण हाच त्याच्या धंद्यातला सर्वात मोठा भाग होता, आणि समोरच्याला कळत नाही म्हणून माल स्वस्तात मिळतो आहे, या समजुतीने मी त्याला मनातल्या मनात मदतच केली. ही माझी लबाडी होती आणि ती लिहिल्याशिवाय हा अनुभव पुरा होत नाही.

सकाळी फोन केला. व्यापारी अजिबात चिडला नाही. “आमाला काय कळतं, सर? आला तसा दिला. काय काय नाही त्ये लिहून पाठवा, पोराला शोधाया लावतो.” मी बारा भागांची यादी पाठवली. नऊ दिवसांनी एका अनोळखी माणसाचा फोन आला. तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, बोलतो आहे, त्याच्याकडे एकॉर्नचे जुने सुटे भाग आहेत, असे त्याने सांगितले आणि भागांची नावे वाचली. ती माझ्याच यादीच्या क्रमाने वाचली, हे मला त्या वेळी जाणवले नाही. एका यंत्राला पुरतील एवढ्या चिपचे ६,५०० रुपये मी फोनवरून पाठवले.

कुरिअरने आलेल्या चिप दिसायला नव्या होत्या, आणि संशय त्यामुळेच आला. चिपच्या अंगावर बहुतेक वेळा चार आकडी निर्मिती संकेत असतो. पहिले दोन आकडे वर्षाचे आणि पुढचे दोन त्या वर्षातल्या आठवड्याचे. ८४३२ म्हणजे १९८४ चा बत्तिसावा आठवडा. माझ्या हातातल्या प्रोसेसरवर ८४५८ असे छापले होते. अठ्ठावन्नावा आठवडा कोणत्याच वर्षात नसतो. कापसाच्या बोळ्यावर नेलपॉलिश काढायचे ॲसिटोन घेऊन पृष्ठभाग पुसला, तर बोळा काळा झाला आणि खालून घासलेली, वेगळ्याच अक्षरांची छपाई दिसू लागली. चिपच्या पहिल्या पायाजवळ (पिनजवळ) मुळातच असणारा गोल खळगा रंगाने बुजलेला होता. व्हिडिओ यूएलए म्हणून आलेली चिप २८ पायांची साधी रॉम होती. अशी खोटी चिप खाचणीत बसवून बटण दाबले असते तर वीज भलत्याच पायावर जाऊन धड राहिलेला बोर्डही जळाला असता. ही कला नवी नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यात ४८६ प्रोसेसरच्या काही मदरबोर्डांवर कॅश स्मृतीच्या (प्रोसेसरजवळच्या वेगवान स्मृतीच्या) जागी आत काहीही नसलेले प्लास्टिकचे तुकडे बसवलेले असत आणि बायोसमध्येच, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्येच, फेरफार करून पडद्यावर २५६ किलोबाइट कॅश असल्याचे दाखवले जाई. तेव्हाही झाकणाखाली पाहणाऱ्यालाच ते कळले.

तक्रारीचे सांगायचे तर, १९३० या सायबर मदत क्रमांकावर मी सहाव्या दिवशी फोन केला. तक्रार राष्ट्रीय पोर्टलवर नोंदली गेली, पण पैसे तोवर पुढच्या खात्यांत गेले होते. ज्या तासात फसवणूक कळते त्याच तासात हा फोन केला तर रक्कम अडवली जाण्याची आशा असते. रोख दिलेल्या १७,००० रुपयांचा कागद माझ्याकडे नाही, त्यामुळे पोलिसांकडे आणि ग्राहक आयोगाकडे दाखवायला माझ्या शब्दापलीकडे काही नव्हते. शाळेचा जुना संगणक शाळेकडूनच, निर्लेखनाच्या, म्हणजे जुनी वस्तू नोंदवहीतून कमी करण्याच्या, रीतसर प्रस्तावानंतर लिलावात घ्यावा. त्याला महिने लागतात, पण जडसंग्रह नोंदवहीतली नोंद आणि पावती दोन्ही हातात येतात. मी आता सेलूजवळच्या एका शाळेत त्याच मार्गाने अर्ज केला आहे.

मार्चमध्ये नांदेडच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी मला फोनवर एक छायाचित्र पाठवले आणि विचारले, हे यंत्र घेण्यासारखे आहे का. जालन्याला चार नग आहेत, सुटे देत नाहीत, २,००० रुपये आगाऊ दिले आहेत. छायाचित्र मोठे करून पाहिले. कॉपी कळेला आडवी चीर होती. मी त्यांना एवढेच सांगितले की भावाबद्दल बोलण्याआधी मागचे दोन आणि खालचे दोन स्क्रू काढा, पोत्यातल्या प्रत्येक यंत्राचे काढा, आणि पोती तुमच्या डोळ्यांसमोर शिवली जाईपर्यंत चहाला उठू नका. ते गेले. स्क्रू गंजलेत, प्लास्टिक फुटेल, असे त्यांनाही सांगण्यात आले. त्यांनी पेचकस बाहेर काढल्यावर व्यापाऱ्याला आठवले की हा माल सकाळीच दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिलेला आहे. आगाऊ दिलेले २,००० रुपये त्यांना परत मिळाले नाहीत. ते बाहेर पडले तेव्हा चिरलेल्या कळेचे ते यंत्र टेबलावर तसेच चालू होते.