सड्यावर आंबा की उतारावर काजू?

राजापूर-देवगडकडे सड्यावर, म्हणजे कातळाच्या सपाट माथ्यावर, वडिलोपार्जित जमीन आहे आणि तो उघडा कातळ हिरवा करायचं मनात आहे? मग आधी हे बघा. सडा उघडा दिसला तरी वाळवंट नव्हे. वाळवंटात पाऊस फारच थोडा. आपल्याकडे 3000 मिलिमीटरच्या आसपास पडतो, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत, आणि कातळावर तो धरून ठेवायला मातीच नाही.

कातळ फोडून हापूस लावता येतो. तशा बागा रत्नागिरी-देवगडात उभ्या आहेत आणि फळही सुरेख येतं. 10 बाय 10 मीटरवर हेक्टरी 100 कलमं, म्हणजे मीटरभर खोल शंभर खड्डे आणि ते भरायला विकतची माती. ती कुठल्या तरी डोंगराच्या कुशीतूनच खरवडून येते, हे मला फार खुपतं. शिवाय निचरा नसेल तर खड्ड्याची टाकी होते. जुलैत एकच खड्डा मारून बघा. पाऊस उघडल्यावर दुसऱ्या दिवशीही पाणी तेवढंच दिसलं, तर तिथे कलमाची मुळं कुजणार. त्याच कलमाला एप्रिलमध्ये मात्र पाणी वाहून घालावं लागतं.

उतारावरच्या भरड जमिनीत काजू स्वस्तात उभा राहतो. दोन फुटांचा खड्डा पुरतो. वेंगुर्ला-4 किंवा 7 या जातींची कलमं तिसऱ्या वर्षापासून धरू लागतात. ढेकण्या या किडीचा त्रास असतो, पण खरी भीती वणव्याची. फेब्रुवारीच्या आत गवत कापून जाळरेषा काढा, गुरं आत येऊ नयेत म्हणून गडगा (दगडी कुंपण) घाला. मधले ऐन-किंजळ या रानझाडांचे खुंट तोडू नका. नायजरमध्ये शेतकऱ्यांनी जुन्या खुंटांचे फुटवे राखूनच सुमारे 50 लाख हेक्टर जमीन झाडाखाली आणली.

आणि सडा ओसाड नाही हो! पावसाच्या तोंडावर तिथे दीपकाडी फुलते, श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवं. बारसू, कशेळी, उक्षीची कातळशिल्पंही सड्यावरचीच. उघड्या जागी झाडं लावली की भलंच होतं असं नाही: कच्छच्या बन्नी या गवताळ रानात 1961 च्या सुमारास गांडा बावळ (वेडी बाभूळ) लावला, तो सगळीकडे पसरला आणि मालधाऱ्यांची, म्हणजे तिथल्या गुराख्यांची, चराई आक्रसली.

म्हणून माझं मत काजूकडे. हापूसच हवा असेल, तर सड्याच्या कडेला जिथे हातभर तरी माती आहे, तिथे थोडी कलमं लावा. कातळाला सुरुंग लावू नका.