रणगाडा की बीएमपी?

खडकवासल्याच्या एनडीएतली (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतली) मुलं रविवारी आमच्याकडे वानवडीला जेवायला येतात. शेवटच्या सत्रातल्या मुलांचा प्रश्न ठरलेला असतो. काका, डेहराडूनच्या लष्करी अकादमीत पसंतीक्रम भरताना आधी काय लिहू, आर्मर्ड की मेकॅनाइज्ड? आर्मर्ड म्हणजे रणगाड्यांचं दल, मेकॅनाइज्ड म्हणजे बीएमपी या चिलखती गाडीतून लढणारं पायदळ. चाळीसेक वर्षांपूर्वी मी मेकॅनाइज्ड लिहिलं आणि निम्मी नोकरी राजस्थानच्या वाळूत काढली. तेवढ्या अनुभवावर सांगतो.

रणगाड्याची ओढ मला समजते. ही मुलं ज्या खेत्रपाल मैदानावर संचलन करतात, त्या अरुण खेत्रपालांची रेजिमेंट पूना हॉर्स. आपल्या गावाचं नाव लावणारी. १९६५ ला तारापोर, १९७१ ला खेत्रपाल, दोन परमवीर चक्रं. विशीतल्या मुलाने याहून जास्त काय ऐकायला हवं? उघड्या वाळवंटात लांबून मारा करायचा तर रणगाड्याला तोड नाही, हेही मान्य. २६ फेब्रुवारी १९९१ ला इराकमध्ये धुळीच्या वादळात अमेरिकन रणगाड्यांनी थर्मल साइटमधून, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या दुर्बिणीतून, बघून इराकचे टी-७२ रणगाडे टिपले. मात्र त्या लढाईत अमेरिकन रणगाड्यांच्या बरोबरीने ब्रॅडली गाड्याही होत्या. ब्रॅडली म्हणजे आपल्या बीएमपीची चुलत बहीण म्हणा. क्षेपणास्त्रांनी त्यांनीही रणगाडे फोडले.

पायदळ मागे ठेवून रणगाडे एकटे पुढे गेले की काय होतं, ते ८ ऑक्टोबर १९७३ ला सिनाईत दिसलं. १९६७ च्या विजयानंतर इस्रायलचा रणगाड्यांवर फार भरवसा होता. इजिप्तच्या पायदळाने वाळूत दबा धरून सॅगर ही रणगाडाभेदी क्षेपणास्त्रं आणि आरपीजी या खांद्यावरच्या रॉकेटने त्यांची प्रतिचढाई मोडली. आपलं १९७१ चं, राजस्थानातलं लोंगेवाला तर सगळ्यांना पाठ आहे. २३ पंजाबची एक कंपनी, म्हणजे सव्वाशेच्या आत माणसं, आणि रिकॉइललेस, म्हणजे झटका न देणारी हलकी रणगाडाभेदी तोफ. तारेचं कुंपण दिसल्यावर सुरुंग असतील या धास्तीने पाकिस्तानी रणगाडे थबकले, मऊ वाळूत रुतले आणि उजाडल्यावर जैसलमेरहून आलेल्या हंटर विमानांनी त्यांना गाठलं. ती आघाडी आपल्या पुण्याच्या सदर्न कमांडकडे होती.

पण खरं सांगायचं तर माझा निर्णय इतिहास वाचून झाला नाही. पसंतीक्रम भरण्याआधी आम्हाला पोखरणकडे एक सराव दाखवायला नेलं होतं. मे महिना, दुपारचे दोन. टेकाडावर वळताना एका टी-७२ चा ट्रॅक, म्हणजे चाकांवरचा लोखंडी पट्टा, उतरला. टी-७२ मध्ये गोळा यंत्र भरतं, म्हणून माणसं तीनच: कमांडर, गनर, ड्रायव्हर. जुन्या विजयंता रणगाड्यावर चौघे असत. ड्रायव्हर आत बसला की बाहेर उरले दोघे. लोखंड इतकं तापलेलं की पोतं ओलं करून हाताला गुंडाळायचं, तर ते पाच मिनिटांत कोरडं. फावड्याने चाकांखालची वाळू उपसायची, पुन्हा तेवढीच घसरून यायची. गनर पिन धरून उभा, कमांडर असलेला दफादार घण मारतोय. त्या दोन-अडीच तासांत आजूबाजूला नजर ठेवायला तिथे कोणीही नव्हतं. रात्री पहारा त्याच तिघांत वाटून, आणि पहाटे एअर फिल्टर झटकायलाही तेच तिघे. सकाळी ड्रायव्हर समोर आला तेव्हा त्याचे डोळे लालबुंद होते. हाच माणूस आता दिवसभर गाडी हाकणार, हे काही माझ्या मनातून गेलं नाही.

बीएमपीचाही ट्रॅक उतरतो, चांगला अनेकदा उतरतो. पण मागचं दार उघडलं की सात माणसं खाली येतात. चौघे कामाला, तिघे टेकाडावर पहाऱ्याला. गाडीही हलकी, चौदा टनांच्या आसपास. टी-७२ चाळीसच्या वर. शिवाय बीएमपी पोहते. वाळवंटात पाणी कुठलं असं वाटेल, पण इंदिरा गांधी कालवा आडवा आला की ते कळतं.

तोटे लपवत नाही. चिलखत पातळ आहे, आणि डिझेलची टाकी मागच्या दारांतच आहे. पाठीला पाठ लावून बसलेल्या पोरांना बाहेरचं फारसं दिसत नाही, ओकाऱ्या होतात. रणगाड्याचा गोळा लागला तर बीएमपीत काही उरत नाही. ज्याला स्वतः तोफ चालवायची हौस आहे, त्याला आमच्याकडे कदाचित चुकल्यासारखं वाटेल.

दोन्हींची प्रशिक्षण केंद्रं अहिल्यानगरलाच आहेत, पुण्याहून जेमतेम अडीच-तीन तास. जमलं तर तिथलं रणगाडा संग्रहालय बघून या. उंची पावणेसहा फुटांच्या वर असेल तर टी-७२ च्या टरेटमध्ये, म्हणजे तोफेच्या फिरत्या घुमटात, गुडघे कुठे ठेवायचे याचा आधीच विचार करा. पहिल्या खान्यात आर्मर्डच लिहायचं मनात असेल तर जरूर लिहा, मी अडवणार नाही. दुसऱ्या खान्यात मात्र मेकॅनाइज्ड लिहा, आणि फॉर्म देण्याआधी ते दोन खाने एकदा उलटे करून बघा.